बुलेट ३५०साठी नवा कार्ब्युरेटर: हिवाळा ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडे १९९२ सालची बुलेट ३५० आहे. तिच्या मूळ मिकार्ब व्हीएम २४ कार्ब्युरेटरची (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारी सरकती झडप, इतकी झिजली होती की ती आपल्या नळीत बोटानेही हलत असे. अशा अवस्थेत दुरुस्तीचे किट टाकून उपयोग होत नाही. किटमध्ये जेट (पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रे), नीडल (पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई) आणि गॅस्केट येतात; पण झिजलेल्या फटीतून शिरणारी जादा हवा तशीच राहते आणि आयडलिंग (गाडी उभी असतानाची इंजिनाची संथ चाल) स्थिर होत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात पूर्ण कार्ब्युरेटरच बदलला.

‘बुलेटचा कार्ब्युरेटर’ म्हणून दुकानांत मिळणारे नग बाहेरून जवळपास सारखेच दिसतात आणि गाडीला बसतातही, परंतु बसणे आणि जुळणे यांत फार अंतर आहे. स्लाइडच्या खालच्या कडेचा उतार, नीडलचा क्रमांक आणि दोन्ही जेटचे क्रमांक जुन्या नगाशी ताडून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये, असे माझे ठाम मत आहे. पाव थ्रॉटलपर्यंत (ॲक्सिलरेटरची मूठ पावभाग पिळेपर्यंत) पायलट जेट आणि स्लाइडचा उतार, मध्यावर नीडल आणि पाऊण थ्रॉटलच्या पुढे मेन जेट पेट्रोलचे प्रमाण ठरवतात. त्यामुळे एक भाग चुकीचा असला तरी गाडी नेमक्या त्याच टप्प्यात अडखळते. स्वस्तातल्या एका नकली नगाची नवी कोरी स्लाइडच सैल होती, तो मी दुकानातच परत ठेवला.

अधिक ताकदीसाठी २८ मिमी नळीचा कार्ब्युरेटर बसवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. ३४६ सीसीच्या या संथ इंजिनात मोठ्या नळीतून हवेचा वेग घटतो आणि कमी फेऱ्यांवर पेट्रोल नीट खेचले जात नाही. नाशिकच्या मेनरोडच्या गर्दीत बुलेटला खालूनच ओढ हवी असते, म्हणून मी मूळच्या २४ मिमीवरच राहिलो.

सर्वाधिक वेळ ट्यूनिंगला लागला, आणि त्याचे कारण आजचे पेट्रोल. २० टक्के इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. द्वारका चौकाजवळच्या मिस्त्रींनी मेन जेट एका पायरीने वाढवला आणि नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली. त्यानंतर प्लगवरचा पांढुरका रंग जाऊन फिकट तपकिरी आला आणि त्र्यंबक रस्त्याच्या चढावर इंजिनातून ऐकू येणारी टाळी (ठोठावल्यासारखा आवाज) थांबली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. कसारा घाट उतरून मुंबईकडे गेल्यास हवा दाट होऊन मिश्रण आणखी थोडे पातळ होते, तेव्हा नेहमी खाली जाणाऱ्यांनी जेट निवडताना त्याचा विचार करावा.

थंडीच्या पहाटेही चोक ओढून एक-दोन किकमध्ये गाडी सुरू होते. मायलेज सुधारले आहे, आणि सिग्नलला गाडी बंद पडत नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली, तेव्हा बाऊलच्या (कार्ब्युरेटरमधील पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) तळाशी पांढरट थर साचलेला आढळला. आता गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर मी आधी पेट्रोल कॉक बंद करून बाऊल रिकामा करतो.

आपल्या गाडीची स्लाइड घट्ट असेल, तर मात्र नवा नग घेण्याची घाई करू नये. साफसफाई, नवे नीडल जेट (नीडल ज्यात सरकते तो जेट) आणि फ्लोट नीडल (बाऊलमध्ये येणारे पेट्रोल थांबवणारी सुई) एवढ्यावर जुना मूळ कार्ब्युरेटर अजून बरीच वर्षे चालेल.