अंधेरीतल्या स्टुडिओतले सहा महिने : सिनेसंगीताच्या इंटर्नशिपचा माझा अनुभव

पाचपैकी साडेतीन तारे. स्टुडिओचं नाव लिहीत नाही. जे कमी पडलं ते मला मोकळेपणाने लिहायचंय, आणि तिथल्या दोन-तीन माणसांशी माझं आजही जवळचं नातं आहे.

जागा अंधेरी पश्चिमेला, डी. एन. नगर मेट्रोपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर. तीन खोल्या : एकात संगीतकार सरांचं टेबल आणि मोठे स्पीकर, एकात दोन प्रोग्रामर, म्हणजे संगणकावर वाद्यं लावणारे, आणि तिसरी छोटी व्होकल बूथ. गाणी तिथे क्वचित होतात. मुख्य काम चित्रपटांच्या आणि वेब सिरीजच्या पार्श्वसंगीताचं, म्हणजे लाईनीत सगळे ज्याला बीजीएम म्हणतात त्याचं. मी जून ते नोव्हेंबर तिथे होते.

मी मिरजेची. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बाबा हार्मोनियमच्या शिकवण्या घेतात. पुण्यात साउंडचा एक वर्षाचा कोर्स केला आणि मुंबईतल्या एकतीस ठिकाणी मेल टाकले. तिघांची उत्तरं आली आणि एकाने बोलावलं. मला वाटलं, माझं काम आवडलं असेल. नंतर तिथल्या इंजिनिअर दादांनी खरं कारण सांगितलं. मित्राच्या शॉर्ट फिल्मला मी केलेलं दोन मिनिटांचं संगीत मी मेलला जोडलं होतं आणि त्याच्या स्टेम्स, म्हणजे तंतुवाद्यं, तालवाद्यं, बासरी असे वेगवेगळे ट्रॅक, नीट नावं देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले होते. दादा म्हणाले, "गाणं बनवणाऱ्यांचे रोज दहा मेल येतात. फोल्डर लावणारा वर्षातून एखादा."

पहिले दोन महिने मी तेच केलं, फोल्डर लावले. चित्रपट एडिटरकडून रीलमध्ये येतो, साधारण वीस-वीस मिनिटांच्या. चित्राच्या कोपऱ्यात टाइमकोड पळत असतो. प्रत्येक संगीताच्या तुकड्याला नंबर असतो : ३एम४ म्हणजे तिसऱ्या रीलमधला चौथा तुकडा. प्रत्येकाची आवृत्ती, तारीख, कोणता बदल कोणी सांगितला, हे सगळं एका तक्त्यात भरायचं. "कट लॉक झालाय", म्हणजे एडिट आता बदलणार नाही, असं कळवल्यावरही कट बदलतो. एकदा तिसऱ्या रीलमधून चौदा सेकंद निघाले आणि पुढचे सात तुकडे जागेवरून सरकले. प्रोग्रामर ताई आणि मी रात्री अडीचपर्यंत एकेक तुकडा चित्रावर परत बसवत होतो. तेव्हा वैताग आला होता. पण त्या सात तुकड्यांची सुरुवात आणि शेवट मी त्या रात्री तीसेक वेळा पाहिले, आणि संगीत दृश्यात कुठून शिरतं, कुठून बाहेर पडतं, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरलं. वर्गात हे कोणी दाखवलं नव्हतं.

माझी एक चूकही सांगते, कारण नव्या मुलांकडून ती हमखास होते. चित्रपटाचं सगळं काम ४८ किलोहर्ट्झवर चालतं. मी घरी लॅपटॉपवर ४४.१ वर काम करायचे. एका बासरीचा तुकडा मी ४४.१ वर काढला आणि कन्व्हर्ट न करता ४८ च्या सेशनमध्ये ओढला. काळी एकमधली बासरी पांढरी दोन आणि काळी दोनच्या अधेमधे, म्हणजे हार्मोनियमवर साधारण दीड पट्टी वर, वाजायला लागली आणि मिनिटाचा तुकडा पंचावन्न सेकंदांत संपला. दिग्दर्शक बाजूला बसलेले. इंजिनिअर दादांनी आवाज न चढवता सेशन थांबवलं, फाइल नीट करून घेतली आणि दिग्दर्शक गेल्यावर मला अर्धा तास समजावलं : सेकंदाला ४८,००० नमुने वाचणाऱ्या यंत्राला तू ४४,१०० चा सेकंद दिलास, तर ते तो भराभर वाचून टाकणारच, आणि भराभर वाचलं की सूर चढणारच. दादा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेले. मिक्सिंगला पाठवायच्या प्रत्येक फाइलच्या आधी टू-पॉप लावायची सवयही त्यांनीच लावली. चित्र सुरू व्हायच्या बरोबर दोन सेकंद आधी, एका फ्रेमपुरती एक बीप. चोवीस फ्रेमच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस फ्रेम आधी. दुसऱ्या स्टुडिओतल्या अनोळखी माणसाला ती बीप जुळली की सगळं संगीत जागेवर बसतं. दादांसाठी मी पाचपैकी पाच तारे देईन.

वादक यायचे ते दिवस मला सर्वांत प्रिय. आता बरंचसं संगीत संगणकातच होतं, पण बासरी, सारंगी, व्हायोलिन यांना माणूसच लागतो. साठी ओलांडलेले एक व्हायोलिन काका यायचे. आल्याआल्या चहा, मग एकदा नुसतं ऐकणं, मग वहीत सारेगममध्ये लिहून घेणं. ते हेडफोनचा एकच कान लावायचे, दुसरा उघडा. हेडफोनमध्ये लय धरायला टिकटिक वाजत असते, तिला क्लिक म्हणतात. मी विचारलं तर म्हणाले, "क्लिक एका कानात, माझा सूर दुसऱ्या कानात. दोन्ही झाकले तर मी वाजवतोय की यंत्र, ते कळत नाही, बेटा." त्यांनीच जुन्या दिवसांचं सांगितलं : ऐंशी-शंभर वादक एका हॉलमध्ये, सगळं एकत्र, एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

त्या काळात इंटर्न हा शब्द नव्हता, असिस्टंट होता. शिकायची वाट तीच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल १९६३ मध्ये स्वतंत्र संगीतकार म्हणून पुढे आले, त्याआधी ते कल्याणजी-आनंदजींकडे सहायक होते. प्यारेलालजी व्हायोलिन शिकले ते गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर, म्हणजे कोणतं वाद्य कुठे काय वाजवणार ते लिहून देणारे, सेबॅस्टियन डिसोझा हेही गोव्याचेच. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहायची पाश्चात्त्य पद्धत, शिकवत. मुंबईच्या हॉलमध्ये शंभर जणांना एकाच वेळी वाजवायचं तर ते कागदावर लिहून देणारी माणसं लागत, आणि ती माणसं गोव्याहून आली. आज त्या कागदाच्या जागी सेशन फाइल आहे. म्हणून फाइल लावण्याला कोणी हलकं काम म्हटलं की मला पटत नाही.

आता ज्या एका दुपारसाठी मी हे सहा महिने पुन्हा काढीन, ती सांगते.

ऑगस्ट संपत आला होता. मराठी चित्रपट, चौथी रील. एक आजी गावचं घर बंद करून मुलाकडे निघालीय. ती दाराला कुलूप लावते, ओढून बघते, मग पायरीवर बसते. संवाद नाही. बावन्न सेकंद. सरांनी मला त्यांची थीम दिली आणि म्हणाले, "तू लाव." पहिल्यांदाच. मी चार रात्री खपून पियानो, तंतुवाद्यं, सारंगी, खाली तंबोरा असं सगळं लावलं. मला ते फार सुंदर वाटत होतं.

सरांनी पूर्ण ऐकलं. मग काही न बोलता पियानो बंद केला. पुन्हा चालवलं. तंतुवाद्यं बंद केली. पुन्हा चालवलं. सारंगी बंद केली. उरला फक्त तंबोरा.

"आता काय ऐकू येतंय?"

"कुलूप."

"मघाशी येत होतं?"

नव्हतं येत. लोखंडी कडीचा तो खट्ट आवाज माझ्या सारंगीखाली पार दबला होता. आणि त्या दृश्यात तो आवाजच सगळं काही होता. मग सरांनी तंबोऱ्याची सुरुवात पकडून बारा फ्रेम पुढे ढकलली, म्हणजे अर्धा सेकंद. आधी तंबोरा कुलपाच्या आवाजाबरोबर सुरू होत होता, जणू कुलपानेच तो वाजवला. आता कुलूप लागलं, अर्धा सेकंद काहीच नाही, आणि मग तंबोरा. त्या अर्ध्या सेकंदात आजीच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी चार रात्री बघूनही पाहिलं नव्हतं.

मी धीर करून एक गोष्ट बोलले. म्हटलं, "सर, तंबोरा बरोबर नाही. सॉफ्टवेअरमधला आहे, जवारी बंद वाटते." म्हणजे तारेखाली दोरा नीट बसलेला नसला की स्वर ठोकळ्यासारखा येतो, मागे गुंजत राहत नाही. सरांनी पुन्हा ऐकलं आणि विचारलं, "तुझ्याकडे आहे का खरा?" मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमच्या घरात आजीचा तंबोरा भिंतीला टेकून उभा. मी शुक्रवारी रात्री स्टुडिओचा रेकॉर्डर घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसने घरी गेले. रविवारी पहाटे चारला, रिक्षा सुरू व्हायच्या आधी, बाबांनी जवारी लावली, आईने फ्रिज बंद केला, आणि मी भोपळ्यापासून वीतभर अंतरावर माइक धरून वीस मिनिटं रेकॉर्ड केलं. बाबा वाजवत होते. चित्रपटात तोच तंबोरा आहे.

आता दीड तारा कुठे कापला ते.

पहिले दोन महिने एक रुपया मिळाला नाही. तिसऱ्या महिन्यापासून आठ हजार. मी डोंबिवलीला मावशीकडे राहिले म्हणून निभलं. मावशीने खोलीभाडं तर घेतलं नाहीच, वर रात्री दीडला गरम भात वाढला. अंधेरीत भाड्याने राहून हे कोणाला जमेल असं मला वाटत नाही. आणि मग या कामात तीच मुलं शिरतात ज्यांना मुंबईत मावशी आहे. मिरजेतल्या माझ्या वर्गात माझ्याहून चांगला कान असलेली दोन मुलं होती. ती आली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन महिने फुकट काम करून घेणं चूक आहे, आणि हे मी सरांना तोंडावर सांगितलंय.

वेळेचंही तेच. अकरा ते सात असं ठरलं होतं. प्रत्यक्षात रिलीज जवळ आली की घाटकोपरला शेवटच्या लोकलसाठी पळायचं किंवा बूथमध्ये गादी टाकायची. मुलींसाठी उशिरा घरी सोडण्याची काही सोय नव्हती. प्रोग्रामर ताईंनी दोनदा स्वतःच्या खिशातून कॅब केली. हे स्टुडिओने करायला हवं होतं.

आणि नाव. सुरुवातीला सांगितलं होतं, शेवटच्या पाट्यांमध्ये नाव येईल. थिएटरात बाबा, आई, मावशी, सगळे पाट्या संपेपर्यंत बसून राहिलो. माझं नाव नव्हतं, तंबोऱ्यासाठी बाबांचंही नव्हतं. विचारल्यावर कळलं की यादी निर्मात्याकडे जाऊन बरेच दिवस झाले होते आणि ती पाठवताना कोणाच्या लक्षात आलं नाही. कोणी मुद्दाम केलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाबा घरी परतताना म्हणाले, "वाजला छान," आणि पुढे काही बोलले नाहीत, ते मला फार लागलं. सरांनी नंतर बाबांना स्वतः फोन केला, वादकाचं मानधनही पाठवलं. ते त्यांच्या बाजूने मी इथे मुद्दाम लिहिते.

नावासंबंधात एक गोष्ट जाण्याआधी समजून घ्या. पाट्यांमधलं नाव वेगळं आणि क्यू शीट वेगळी. क्यू शीटवर प्रत्येक तुकडा किती सेकंदांचा, कसा वापरला, रचना कोणाची, हे लिहिलेलं असतं आणि ती आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, जाते. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी केलेली रचना थिएटरातल्या खेळाव्यतिरिक्त कुठेही वापरली, तर तिच्या रॉयल्टीतला हक्क संगीतकाराकडून काढून घेता येत नाही. सरांच्या थीमची मांडणी तुम्ही केलीत म्हणून तुम्ही रचनाकार होत नाही, आणि तसा आग्रह धरूही नये. पण एखादा तुकडा मुळापासून तुमचा असेल तर शीटवर तुमचं नाव असणार का, हे तुकडा देण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

नोव्हेंबरनंतर मला तिथेच पगारावर ठेवत होते. मी दुसरीकडे गेले, कारण मला वादकांच्या रेकॉर्डिंगचं काम जास्त करायचंय. निरोपाला इंजिनिअर दादांनी त्यांची टू-पॉपची फाइल पेनड्राइव्हवर दिली. ती मी आजही वापरते.

तुम्ही जात असाल, या स्टुडिओत किंवा कुठेही, तर पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा. पैसे कोणत्या तारखेपासून. पाट्यांमधलं नाव मेलवर लिहून देणार का. आणि तिसरं, जे मी न विचारता मला नशिबाने मिळालं : दिग्दर्शकासमोर चित्र चालवून संगीत ऐकवतात तेव्हा मला खोलीत बसता येईल का, मागे, गप्प बसून? पहिल्या दोन प्रश्नांवर थोडी घासाघीस होऊ शकते. तिसऱ्याला "बघू" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा आणि पुढच्या दाराची बेल वाजवा.