निळं पिंप आणि उरलेलं सिमेंट

संगमेश्वरजवळ गावच्या घराचं काम एप्रिलात संपलं आणि दोन बॅगा सिमेंट, अर्धी बॅग टाइल चिकटवायचं ॲडहेसिव्ह, थोडं पांढरं सिमेंट, एक खोकं लाद्या उरल्या. आम्ही मुंबईला, घर गणपतीपर्यंत बंद. आदल्या पावसाळ्यात पडवीत फळीवर ताडपत्रीखाली ठेवलेल्या तीन बॅगांचा दगड झाला होता. पाण्याचा थेंब लागला नव्हता, नुसती हवेतली ओल. घणानं फोडून परसात टाकताना फार हळहळले.

म्हणून यंदा रत्नागिरीहून 200 लिटरची दोन वापरलेली निळी पिंपं आणली, बाराशेला एक. पूर्ण तोंड उघडणारं, झाकणाला रबरी वायसर आणि वरून आवळायचा लोखंडी पट्टा असलेलंच घ्या. वर फक्त दोन बुचं असतात ते पिंप या कामाचं नाही. आधी आत काय भरलं होतं ते विचारा. आम्ही धुऊन तीन दिवस कडक उन्हात वाळवली, तरी धान्याला किंवा पाण्याला ती कधीच वापरणार नाही.

पिंप आधी जागेवर चिऱ्यांवर ठेवायचं, मगच भरायचं. 50 किलोच्या दोन बॅगा आत शेजारी शेजारी उभ्या राहतात, पण नंतर ते पिंप हलत नाही. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, झाकण मे महिन्यातल्या दुपारीच लावा. ढग भरून आल्यावर लावलंत तर ओली हवा आत कोंडाल." हे ऐकलं म्हणूनच पैसे वसूल झाले.

गणपतीत उघडलं तेव्हा सिमेंट पिठासारखं मऊ, चिमटीत एक खडा नाही. त्यातून न्हाणीघराची पायरी करून घेतली. तरी तीन महिन्यांपुढचं सिमेंट कसं सांभाळलं तरी जोर कमी होतोच. स्लॅब, कॉलमला ते घालू नका, डागडुजीलाच ठेवा.

लाद्यांना पिंप लागत नाही. त्या खोक्यातच उभ्या ठेवल्या आणि शेड व बॅच नंबर माळ्याच्या दाराआड खडूनं लिहिला, कारण पुढच्या बॅचचा रंग जुळेलच असं नाही.

दुसऱ्या पिंपाचा वायसर मात्र कडक झालेला निघाला. त्यातल्या ॲडहेसिव्हला कडेनं गुठळ्या धरल्या, शिवाय दोन्ही पट्टे गंजले. घेताना वायसर बोटानं दाबून बघायला हवा होता. येत्या मेमध्ये दोन्ही वायसर नवे घालून पट्ट्यांना ग्रीस लावणार आहे.