जुन्या ब्राउझरांवर चाचणी करून देणारी सेवा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या ब्राउझरांवर संकेतस्थळे तपासू देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेची वार्षिक वर्गणी मी नऊ महिन्यांपूर्वी भरली आणि पहिल्या दोन महिन्यांत सहकाऱ्यांना ती आग्रहाने सुचवलीही. आज तितक्या खात्रीने सुचवणार नाही आणि त्याला कारण झाली दोन बटणे.

एका अर्जाच्या शेवटी ‘रद्द करा’ आणि ‘पाठवा’ ही बटणे फ्लेक्सबॉक्समध्ये, म्हणजे पानावरचे घटक एका रांगेत मांडण्याच्या पद्धतीत, शेजारी शेजारी होती आणि मधली जागा गॅप या गुणधर्माने सोडलेली होती. सेवेतल्या ‘आयओएस १२’च्या खिडकीत सारे नीट दिसले, म्हणून काम पुढे गेले. पंधरवड्यात तक्रार आली, की आयफोन ६ वर ती बटणे एकमेकांना चिकटली आहेत आणि पूर्ण भरलेला अर्ज दोनदा रद्द झाला आहे. त्या फोनला आयओएस १२ च्या पुढची आवृत्ती मिळतच नाही, आणि त्यावर दुसरा ब्राउझर घेतला तरी आत इंजिन, म्हणजे पान रेखाटणारा भाग, ॲपलच्या सफारी ब्राउझरचेच असते. तेव्हा ‘अपडेट करा’ असे सांगण्याची सोयच नव्हती.

फ्लेक्सबॉक्समधला गॅप सफारीत १४.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ मध्ये आला. ग्रिड या चौकटींच्या मांडणीतला गॅप मात्र आयओएस १२ मधल्या सफारी १२ लाही कळतो, त्यामुळे @सपोर्ट्सने (एखादी सोय ब्राउझरला कळते का हे विचारणाऱ्या नियमाने) विचारले तर उत्तर ‘हो’ असेच मिळते आणि पर्यायी मांडणी कधी लागूच होत नाही. खरे काय ते मोजूनच समजते: उभ्या फ्लेक्समध्ये दोन रिकामे घटक ठेवून एक पिक्सेलचा गॅप द्यावा आणि बाहेरच्या चौकटीची उंची पाहावी; एक आली तर गॅप चालतो, शून्य आली तर चालत नाही. सेवेच्या खिडकीत उंची एक आली. शंका फिटावी म्हणून ऑप्शनल चेनिंगची (जावास्क्रिप्टमधल्या एका नव्या लेखनपद्धतीची) एक ओळ चालवली, सफारी १३.१ च्या आधी तेवढ्याने अख्खी स्क्रिप्ट अडायला हवी, पण तीही सुरळीत चालली. यूजर एजंटमध्ये, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या मजकुरात, तेवढा १२ चा उल्लेख होता. थोडक्यात, आजच्याच इंजिनाला जुन्या आवृत्तीचे नाव दिलेले होते.

मदत विभागाने आधी कॅशे साफ करायला सांगितले, नंतर माझा कोड मागवला आणि तिसऱ्या उत्तरात मान्य केले, की माझ्या योजनेत मोबाइलचे फक्त अनुकरण मिळते, खरी उपकरणे वरच्या योजनेत असतात. दोन्हींना यादीत एकच नाव देणे ही माझ्या मते ग्राहकाची सरळ दिशाभूल आहे.

तरीही एक महिना वरची योजना घेऊन पाहिली. तिथे चिकटलेली बटणे पहिल्याच फटक्यात दिसली. विंडोजच्या बाबतीत तर मला माझे मत बदलावे लागले: इंटरनेट एक्सप्लोरर ११ खालच्या योजनेतही खराखुरा आहे. त्याचा अधिकृत आधार जून २०२२ मध्ये संपला असला, तरी माझ्या एका ग्राहकाची अंतर्गत प्रणाली अजून त्यावरच चालते. पूर्वी यासाठी मी मायक्रोसॉफ्टची मोफत आभासी यंत्रे वापरत असे आणि त्यांची मुदत ९० दिवसांत संपली की सगळी मांडामांड पुन्हा करत असे. तो त्रास पूर्णपणे वाचला.

वरच्या योजनेचा वर्षाचा खर्च मात्र मला पटला नाही. त्याऐवजी एक वापरलेला आयफोन ६ घेतला आणि तो आता टेबलावरच असतो. बटणांमधली जागा मार्जिनने सोडली आहे. सेवा उरलेले तीन महिने विंडोजपुरती वापरणार आहे, आणि कोणतीही नवी खिडकी उघडली की आधी ती उंची मोजून घेतो.