रेस कारच्या सीटचं किट: माझे 20,750 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

वीस हजार सातशे पन्नास रुपये. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही, बायकोला साडेअकरा हजारच माहीत आहेत. इथं पूर्ण सांगतोय, कारण मला फसवणारा तोच माणूस नाव बदलून अजून विकतोय आणि माझ्यासारखाच घाईत असलेला कुणीतरी त्याच्या हाती लागणार.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मेव्हणा आणि मी मिळून शर्यतीची एक जुनी गाडी, फॉर्म्युला मारुती, घेतली. पाइपची चासी, मारुती 800 चं इंजिन, एकच माणूस मावेल एवढं कॉकपिट. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी बेताच्या खिशाच्या माणसालाही शर्यतीत उतरता यावं म्हणून ज्या गाड्या उभ्या केल्या, त्यातलीच ही. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेलेला नारायण कार्तिकेयनही सुरुवातीला फॉर्म्युला मारुतीच चालवायचा. करिवर्धन यांच्याच नावानं कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे हा शर्यतीचा ट्रॅक आहे आणि तिथल्या ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर चालवायला मिळते त्या दिवशी, एकदा तरी ही गाडी न्यायची, एवढीच आमची हौस.

गाडीत सीट अशी नव्हतीच. वाकवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर स्पंज. वळणावर अंग सरकायचं, म्हणून स्टीअरिंगलाच धरून बसावं लागायचं. बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. त्यात स्पंज ही धोक्याची गोष्ट. जोरात ब्रेक लागला की तो दबतो, बेल्ट सैल पडतो आणि माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. म्हणून अंगाच्या मापाची कडक सीट हवी होती. थर्माकोलचे दाणे एपॉक्सी रेझिनमध्ये कालवून जाड पिशवीत भरायचे, पिशवी कॉकपिटमध्ये ठेवून वर नीट बसायचं, बेल्ट लावायचे, पिशवीतली हवा ओढून घ्यायची आणि रेझिन घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. पाठीचा, कमरेचा, मांडीचा अचूक साचा तयार. दोन रसायनं मिसळून होणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम ओतूनही सीट होते, पण तो सेकंदांत फुगतो, तापतो, आणि त्याची वाफ छातीत गेली तर दम्यासारखा त्रास मागे लागतो. आमच्या बंद शेडमध्ये ते नको, असं ठरवूनच दाण्यांची पद्धत निवडली होती. म्हणजे मी काही न वाचता उडी मारणारा माणूस नाही, हे आधी समजून घ्या.

इन्स्टाग्रामवर व्हिडिओ दिसला. निळ्या ओव्हरऑलमधला माणूस, मागे पिवळी भिंत, हातात पाठीच्या मापाची पांढरीशुभ्र सीट. मेसेज केला तर पाच मिनिटांत फोन आला. हिंदीत, गोड बोलणं, ‘सर, सर’. म्हणाला, कोइम्बतूरला वर्कशॉप आहे, रेस टीमना सीट करून देतो, किट 11,500 ला. 60 लिटर दाणे, 3 किलो एपॉक्सी, ते घट्ट करणारा हार्डनर, पिशवी, व्हॉल्व्ह आणि बसताना व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन. वर म्हणाला, सीट एफआयए सर्टिफाइड आहे.

इथंच फोन ठेवायला हवा होता. एफआयए म्हणजे मोटर शर्यतींची जागतिक संघटना. तिचं 8855-1999 हे मानक कंपनीत तयार झालेल्या पूर्ण सीटला असतं, तिच्यावर लेबल असतं, त्यावर तयार झाल्याची तारीख असते आणि पाच वर्षांनी ती सीट बाद होते. माझ्या शेडमध्ये, माझ्या पाठीवर, अजून न झालेल्या साच्याला सर्टिफिकेट कोण देणार? साच्याची सीट करून देणारा कुणीही ‘एफआयए सर्टिफाइड’ म्हणाला की समजा खोटं बोलतोय. मला हे माहीत होतं. तरी वाटलं, विकणारा थोडं वाढवून सांगतोच.

5,750 आधी दिले, 5,750 माल निघताना. मग फोन आला, व्हॅक्युम पंप भाड्यानं पाठवतो, 4,000 डिपॉझिट, पंप परत आला की पैसे परत. दिले. मग केमिकलचं पार्सल म्हणून वेगळे 1,450. तेही दिले. किंमत फार स्वस्त असती तर शंका आली असती. ती बरोबर पटेल एवढीच होती, आणि ट्रॅक डेला अठरा दिवस उरले होते.

खोकं आलं. पंप नव्हता. ‘पुढच्या पार्सलमध्ये येतोय, तोवर घरचा व्हॅक्युम क्लीनर वापरा.’

आता ती गोष्ट सांगतो जी रात्री झोपू देत नाही. खोक्यात रेझिनचा डबा होता आणि हार्डनरची बाटली. ती बाटली मुठीत मावत होती. साठ मिली, खोकल्याच्या औषधाची असते तेवढी. लेबल नाही, फक्त मार्करनं ‘एच’ लिहिलेलं. तीन किलो एपॉक्सीला एवढासा हार्डनर कधीच पुरत नाही. रेझिनप्रमाणे तो वजनाच्या दहा टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत लागतो, म्हणजे कमीत कमी तीनशे ग्रॅम. थेंबाथेंबानं, एक-दोन टक्के घालतात ते पॉलिएस्टर रेझिनला. मी विचारलंसुद्धा! म्हणाला, ‘सर, हायस्पीड हार्डनर आहे, थोडाच लागतो.’ आणि मी गप्प बसलो.

मग डबा उघडला. वास आला. माझ्या शेडला लागून अण्णांचं फायबरचं काम चालतं, पाण्याच्या टाक्या, बंपर, दुकानांच्या पाट्या. तो उग्र, डोक्यात चढणारा वास अकरा वर्षं मी रोज घेतोय. हा तोच वास होता. तंतोतंत तोच. एपॉक्सीला असा वास नसतो, तिच्या हार्डनरला अमोनियासारखा असतो. त्या क्षणी हात थांबला होता माझा. मेव्हण्याला म्हणालोसुद्धा, ‘अण्णांच्या शेडसारखं वास मारतंय बघ.’ तो म्हणाला, ‘रेझिन म्हटल्यावर वास येणारच की.’ अण्णा भिंतीपलीकडं होते. वीस पावलं. वीस पावलं चालत जाऊन डबा दाखवला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तिकडं व्हिडिओ कॉल चालू होता, ‘सर, मिक्स करा, टाइम जातोय’ अशी त्याची घाई चालली होती, आणि मी ओव्हरऑल, हेल्मेट घालून बसायला तयार होतो. घाई करणारा विकणारा दिसला की काम थांबवा. फोन कट करा. काही जळत नाही.

डब्यात एपॉक्सी नव्हतंच, अण्णा वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन होतं. त्यात स्टायरीन नावाचं रसायन असतं आणि स्टायरीन थर्माकोल खातं. पेट्रोल ओतल्यावर थर्माकोल विरघळतो तसं. मी पिशवीवर बसलो, बेल्ट आवळले, मेव्हण्यानं व्हॅक्युम क्लीनर लावला. खाली बसत चाललोय असं जाणवलं, तर कॉलवरचा म्हणाला, ‘बरोबर, दाणे सेट होतायत.’ दाणे सेट होत नव्हते, विरघळत होते. दहाएक मिनिटांनी कमरेखाली ऊब लागली, मग चटका. बेल्ट सोडून बाहेर येईपर्यंत ओव्हरऑल पाठीला चिकटला होता. डाव्या कमरेवर तळहाताएवढं भाजलं. पिशवीत साठ लिटर दाण्यांच्या जागी तीन बोटं जाडीचा पिवळा चिकट थर राहिला होता.

नंतर अण्णांनी ती बाटली हुंगली आणि मला शिव्या घातल्या. हा हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जातो. आणि पॉलिएस्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात त्या कोबाल्टच्या द्रावणात तो थेट मिसळला तर भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. बिनलेबलच्या बाटलीत हे कुरिअरनं पाठवणारा माणूस कसला म्हणायचा?

यानंतर केलेली चूक सांगायला सर्वांत जास्त लाज वाटते. त्याला फोन केला, ओरडलो. तो शांत. ‘सर, तुमच्याकडं हवेत ओल आहे, ती बॅच खराब झाली. नवी बॅच पाठवतो, अर्धे तुम्ही द्या, अर्धे मी सोसतो. 3,800. डिपॉझिट धरून हिशेब करू.’ आणि मी पाठवले. कारण 4,000 अडकले होते, ते सुटतील असं वाटलं. अडकलेले पैसे सोडवायला आणखी पैसे, याच्यासारखा सापळा नाही. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. इन्स्टाग्रामवर मला ब्लॉक.

मग बिल काढून बघितलं. वर जीएसटी नंबर होता, सुरुवात 07. सात म्हणजे दिल्ली. तामिळनाडूचा नंबर 33 नं सुरू होतो. मी स्वतः रोज 27 नं सुरू होणारी बिलं फाडतो हो! जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकला तर कापडाच्या व्यापाऱ्याचा निघाला. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे द्यायच्या आधी करा, नंतर नाही.

आणि आता पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी दीड तास बाकावर. हवालदार म्हणाले, ‘सीट म्हणजे? गाडीचं कव्हर का?’ समजावून सांगितलं. ‘माल मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जावा.’ म्हटलं, एपॉक्सी सांगून पॉलिएस्टर पाठवलं, डिपॉझिट बुडवलं, कुणाचा तरी जीएसटी नंबर छापला, भाजलोय मी. शर्ट वर करून दाखवलं. म्हणाले, ‘मग दवाखान्यात जावा.’ दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी सायबरवाल्यांकडं पाठवलं, त्यांनी परत ठाण्यात. चौथ्या खेपेला एकजण हसत म्हणाला, ‘शर्यती करायला पैसे आहेत, मग वीस हजाराचं काय एवढं?’ त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. लेथवर रात्री नऊपर्यंत उभं राहून मिळवलेले पैसे आहेत ते. माझ्या हौसेवर त्यांनी बोलायचं काय कारण? खोटं बोलून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक आहे, मग ती रेसच्या सीटची असो की बियाण्याची. आणि गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 हेच सांगतं. हे मी घरी बसून वाचलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. पाचव्या खेपेला कलमं कागदावर लिहून नेली, तेव्हा अर्ज घेतला. अर्ज, एफआयआर नाही. पोच मागितली तर शिक्का शोधायला अर्धा तास.

बँकेत तर बोलायचीच सोय नाही. ‘पिन तुम्हीच टाकलात ना सर?’ हो, मीच टाकला. म्हणूनच तर फसवणूक म्हणतोय, चोरी म्हणत नाही! ज्या खात्यात पैसे गेले ते तुमच्यासारख्याच कुठल्यातरी बँकेनं कागदपत्रं बघून उघडलंय, त्या माणसाचं नाव सांगा म्हटलं तर ‘प्रायव्हसी’. माझे पैसे घेऊन गेलेल्याची प्रायव्हसी जपणार, माझी तक्रार लिहून घ्यायला मात्र फॉर्म संपलेले.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर मी फोन केला तो नवव्या दिवशी. तोवर काय उरणार? पहिल्याच तासात करा, समोरच्या खात्यात पैसे असतील तर ते गोठवता येतात. लाजेपोटी थांबू नका, मी थांबलो. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडं एक बंद नंबर, यूपीआयचं नाव आणि कापडवाल्याचा जीएसटी क्रमांक. म्हणून पैसे द्यायच्या आधी पत्ता घ्या आणि त्या पत्त्यावर कुणी ओळखीचं असेल तर पाठवून बघा. कॉलचं रेकॉर्डिंग ठेवा. खोक्यावरची कुरिअरची चिठ्ठी फाडून टाकू नका. मी टाकली, आणि त्यावरच खरं गाव होतं.

रेझिन कुणाकडूनही घ्या, आधी कपात चमचाभर ओता, थोडासा हार्डनर घाला, वर दहा-वीस दाणे टाका, दहा मिनिटं थांबा. दाणे मऊ पडले, आकसले, तर ते एपॉक्सी नाही. बसायच्या आधी हे करा, बसल्यावर नाही. हातमोजे घाला, डोळ्याला चष्मा लावा, शेडची दारं उघडी ठेवा. पिशवी दुहेरी घ्या.

सीट झाली शेवटी. अण्णांनी खरं एपॉक्सी ओळखीच्या दुकानातून आणून दिलं, मी घरचाच व्हॅक्युम क्लीनर लावला, चाळीस मिनिटं हललो नाही. एवढं सगळं धरून 6,300 रुपयांत. ट्रॅक डे मात्र हुकला. अण्णांना एक पैसा नको होता, मी जबरदस्तीनं दिले.

काल मेव्हण्यानं त्याच्या फोनवर दाखवलं. तोच निळा ओव्हरऑल, तीच पिवळी भिंत, नवं नाव, किंमत आता 12,900. कुणी यातलं किट मागवलं असेल आणि खोकं अजून उघडलं नसेल तर उघडू नका, लेबलासकट, चिठ्ठीसकट तसंच ठेवा आणि मला कळवा. पैसे पाठवल्याची तारीख आणि यूपीआयचं नाव जुळलं तर दोघांच्या नावानं एकत्र अर्ज देऊ. सोमवारी मी सहाव्यांदा ठाण्यात जाणार आहे.