चिनी विद्यार्थ्यांचं इंग्रजी वाचन: बारकाईने, भरपूर की नुसते प्रश्नसंच?

‘द मॅन हू लेंट माय ब्रदर द बायसिकल हॅज मूव्ड टू श्यामेन.’ बारा शब्दांचं वाक्य. समोर चौदा वर्षांचा मुलगा, फूच्येन प्रांतातून आईबरोबर सिंगापुरात येऊन त्याला सहा महिने झालेले. ‘लेंट’च्या डोक्यावर त्याने पेन्सिलीने बारीक चिनी अक्षर लिहून ठेवलं होतं, बाकीचा एकही शब्द त्याला अडत नव्हता. मी विचारलं, श्यामेनला राहायला कोण गेलं? तो जराही न थांबता म्हणाला, ‘माय ब्रदर.’

चिनी भाषक मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना हे पुन्हापुन्हा घडतं. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ मात्र भलताच. मग करायचं काय, यावर तीन मतं कानावर येतात. एक म्हणतं, एकेक वाक्य उकलून शिकवा. दुसरं म्हणतं, सोपी पुस्तकं हातात द्या आणि मनसोक्त वाचू द्या. तिसरं मत बहुधा पालकांचं असतं: परीक्षा तोंडावर आहे, उताऱ्यांवरचे प्रश्न सोडवून घ्या. चीनमध्ये या तिन्ही रस्त्यांना रूढ नावं आहेत. जिंग-दू म्हणजे बारकाईचं वाचन, फान-दू म्हणजे ऐसपैस वाचन आणि श्वा-थी म्हणजे प्रश्नांचा धडाका. ‘श्वा’ म्हणजे ब्रश फिरवणं, ‘थी’ म्हणजे प्रश्न. मी तिन्ही करून पाहिले आहेत, आणि माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच.

हे लिहिते आहे ते परदेशातल्या शाळांत शिकवणाऱ्या किंवा मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवू पाहणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. जुलै 2021 मध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, आणि परदेशात बसून तिथल्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांची नेमणूक करायलाही मनाई केली. त्यामुळे ‘घरबसल्या चीनमधल्या मुलांना शिकवा’ असं आमिष कोणी दाखवलं तर दोनदा विचार करा. तुमच्याकडे येतील ते आईवडिलांबरोबर बाहेर आलेली मुलं, कॉलेजात जाणारे, नोकरी करणारे, किंवा तैवान आणि मलेशियातले चिनी भाषक.

अडतं कुठे ते आधी बघा

रस्ता निवडण्याआधी अर्धा तास खर्च करा. तीनेकशे शब्दांचा एक उतारा द्या आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. वाचनाच्या अभ्यासात एक ठोकताळा मानला जातो: आधाराशिवाय आरामात वाचायचं तर पन्नास शब्दांत अनोळखी शब्द एकापेक्षा जास्त नको. रेघा त्याहून बऱ्याच जास्त असतील तर अडचण शब्दांची आहे. रेघा कमी असूनही ‘कोणी काय केलं?’ या प्रश्नाला चुकीचं उत्तर येत असेल तर अडचण वाक्याची आहे. उत्तरं बरोबर, पण उताऱ्याला सहा-सात मिनिटं लागली, तर अडचण वेगाची. तिन्ही दुखणी वेगळी, तिन्हींचं औषध वेगळं.

शब्दांची अडचण आपल्याला वाटते त्याहून कमी वेळा निघते. ही मुलं शब्द पाठ करण्यात तरबेज असतात. चीनमधल्या शब्दयाद्यांच्या पुस्तकांत पहिलाच शब्द ‘अबँडन’ असतो, हे तिथल्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे, कारण यादी दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पण यादीत एका शब्दासमोर एकच चिनी अर्थ डोक्यात पक्का बसतो. ‘अॅड्रेस’ म्हणजे पत्ता. मग उताऱ्यात सरकार एखाद्या प्रश्नाला ‘अॅड्रेस’ करायला लागलं की मुलगा गोंधळतो. या प्रकाराला चीनमधले शिक्षक ‘ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ’ म्हणतात आणि परीक्षेसाठी तो वेगळा शिकवतात.

जिंग-दू: इथे मराठी शिक्षकाचं पारडं जड

त्या चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याची अडचण वाक्याची होती, आणि ती समजायला मला माझी मराठीच कामी आली. चिनी भाषेत नामाचं वर्णन करणारं अख्खं उपवाक्य नामाच्या आधी येतं आणि मध्ये ‘द’ असा छोटासा शब्द जोडला जातो. हू, विच, दॅट यांच्यासारखं संबंधी सर्वनाम तिथे नाहीच. आपण ‘मी काल पाहिलेला सिनेमा’ म्हणतो ना, हुबेहूब तीच मांडणी: मी, काल, पाहिला, ‘द’, सिनेमा. आपल्या ‘-लेला’ आणि ‘-णारा’चं काम तो ‘द’ करतो. त्या मुलाच्या भाषेत आमचं वाक्य ‘माझ्या भावाला सायकल देणारा तो माणूस श्यामेनला गेला’ असंच उभं राहतं. माणूस आणि ‘गेला’ एकमेकांना चिकटून. इंग्रजीत माणूस पहिल्यांदा येतो, मग वर्णनाची शेपटी, आणि क्रियापद पार पलीकडे. क्रियापदापासून मागे वळून पाहिलं की जवळचा माणूस सापडतो तो भाऊ. म्हणून भाऊ श्यामेनला गेला!

मग आम्ही काय केलं? पेन्सिल घेतली. आधी मुख्य क्रियापद शोधून त्याखाली दोन रेघा. ‘हू’पासून ‘बायसिकल’पर्यंत हलका कंस. कंसावर बोट ठेवून उरलेलं वाचायचं: द मॅन हॅज मूव्ड टू श्यामेन. बोट काढलं की विचारायचं, कोणता माणूस? व्याकरणाची नावं एकही घेतली नाहीत. अशी पाच वाक्यं, वीस मिनिटं, बस्स.

जोडशब्दांतही आपलं त्यांच्याशी जमतं. आपल्याकडे ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ येतंच. चिनीतही ‘स्वेइरान’नंतर ‘दानशी’, म्हणजे ‘पण’, हमखास येतो. त्यामुळे ‘ऑल्दो’ वाचल्यावर मूल पुढे ‘बट’ची वाट बघतं, तो येत नाही, आणि विचार कुठे वळला ते निसटतं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी हे स्वतः भोगलेलं असतं, म्हणून समजावून सांगताना शब्द आपोआप सुचतात.

पण काळाच्या बाबतीत सावध राहा. चिनीत क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलत नाही. ‘आधीच’, ‘काल’ अशा शब्दांवर आणि संदर्भावर काम भागतं. पोलीस आले तेव्हा चोर ‘लेफ्ट’ की ‘हॅड लेफ्ट’, हा फरक त्यांच्या नजरेतून सहज सुटतो. आपल्याकडे ‘गेला’ आणि ‘गेला होता’ असं वेगळं असल्याने त्यांना यात काय कठीण जातं हे आपल्या लक्षातच येत नाही. गोष्टीतल्या घटना कागदावर ओळीने मांडायला सांगा, चूक लगेच दिसेल.

जिंग-दू बिघडतं ते अति केल्याने. 1967 साली आलेली एल. जी. अलेक्झांडर यांची ‘न्यू कन्सेप्ट इंग्लिश’ ही चार भागांची माला चीनमध्ये कित्येक वर्षं शिकवली गेली आहे. तिच्यातले छोटे छोटे धडे उत्तम आहेत. पण त्यातल्या एकेका ओळीवर शिक्षक दहा मिनिटं चिनीत बोलतो आणि मुलं वहीत उतरवून घेतात, तेव्हा वाचन होतं शिक्षकाचं. हिशोब मांडून बघा. आठवड्याला साडेतीनशे शब्दांचे दोन उतारे उकलले तरी डोळ्यांखालून जातात सातशे शब्द. एवढ्याने वाचनाची सवय लागत नाही.

फान-दू: सगळ्यात फळ देणारं, सगळ्यात उशिरा

सातशेच्या समोर आता हे ठेवा. ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’सारख्या पायरीपायरीच्या मालिकेत पहिली पायरी 400 मूळ शब्दांची, दुसरी 700, तिसरी 1000 आणि सहावी 2500 शब्दांची. पहिल्या पायरीचं एक बारकं पुस्तक पाच-सहा हजार शब्दांचं असतं. आठवड्याला एक वाचलं तरी जिंग-दूच्या सातपट मजकूर डोळ्यांखालून गेला, आणि शब्दकोश न उघडता.

इथे सर्वांत मोठा अडसर मानाचा असतो. हजारो शब्द पाठ केलेल्या मुलाला 700 शब्दांचं पुस्तक दिलं की त्याला ते बालवाडीचं वाटतं, आणि त्याच्या आईला पैसे वाया गेल्यासारखे. मी वाद घालत नाही, घड्याळ लावते. एक पान वाचून घेते आणि मिनिटाला किती शब्द झाले ते त्यालाच मोजायला लावते. साठ आले, तर त्याला सांगते की हेच पुस्तक एकशेवीसने वाचता येईपर्यंत तुझंच आहे. आकड्यावर या मुलांचा विश्वास बसतो.

उलटी चूकही मी केली आहे. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीच्या शब्दयाद्या पाहून मी भारावले आणि तिला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी दिली. दहा दिवसांनी ती नवव्या पानावर होती, पानभर पेन्सिलीने लिहिलेल्या चिनी अक्षरांची गर्दी आणि चेहरा पडलेला. चीनच्या शालेय अभ्यासक्रमात बारावीपर्यंत साधारण 3000 शब्द अपेक्षित असतात. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञांच्या हिशोबाने मूळ कादंबरी अडखळत न वाचता यावी यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) लागतात. एवढी दरी एका उडीत पार होत नाही. पायऱ्या त्यासाठीच आहेत.

चीनमध्ये हीच मालिका इंग्रजी आणि चिनी मजकूर एकत्र छापून मिळते. स्वस्त आणि हाताशी असते, पण डोळा पहिल्यांदा चिनीकडेच धावतो. घरी ती असेल तर चिनी पानं क्लिप लावून बंद करा आणि प्रकरण संपल्यावरच उघडू द्या. मोबाइलमधल्या भाषांतराच्या अॅपलाही हाच नियम. आणि जमेल तिथे पुस्तकाचं ध्वनिमुद्रण सोबत ऐकवा. चीनमधली मुलं पिनयिनमुळे, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीमुळे, रोमन अक्षरांना आवाज जोडायला शिकलेली असतात. हाँगकाँगमध्ये पारंपरिक पद्धतीत अक्षर बघूनच ओळखायला शिकवतात, त्यामुळे तिथली मुलं इंग्रजी शब्दही चित्रासारखे लक्षात ठेवताना दिसतात. त्यांना ऐकत वाचण्याचा फायदा जास्त.

फान-दूचा दोष एकच, पण खरा आहे: पहिले दोन-तीन महिने गुणपत्रिकेवर काहीच उमटत नाही. ते पालकांना पहिल्याच दिवशी सांगा.

श्वा-थी: केव्हा आणि किती

चीनमधली मुलं यात आधीच घोटून तयार असतात. विद्यापीठ प्रवेशाच्या गाओखाओ परीक्षेत इंग्रजीला 150 गुण. नव्या स्वरूपाच्या पेपरात त्यांतले 50 गुण उतारे वाचून उत्तरं देण्याचे, शिवाय 25 गुण अर्धवट गोष्ट वाचून पुढची लिहिण्याचे. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या प्रसिद्ध होणाऱ्या सरासरी आकड्यांतही चीनच्या परीक्षार्थींचं वाचन बोलण्यापेक्षा वर दिसतं. म्हणजे पर्याय कसे गाळायचे हे त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त येतं. त्याचाच आणखी सराव दिला तर गुण थोडे हलतात, समज जागेवरच राहते.

तरी हा रस्ता पूर्ण टाकू नका. आयईएल्टीएसमध्ये 60 मिनिटांत 40 प्रश्न आणि तीन उतारे मिळून अडीच हजारांच्या आसपास शब्द असतात. मिनिटाला साठ शब्द वाचणाऱ्याची चाळीसहून जास्त मिनिटं नुसत्या एका वाचनात जातात. ‘चूक’ आणि ‘उताऱ्यात सांगितलेलंच नाही’ या दोन उत्तर-पर्यायांतला फरकही सरावाशिवाय कळत नाही. शेवटचे सहा आठवडे, आठवड्याला दोन संच, घड्याळ लावून. त्याहून जास्त मी देत नाही.

एक चिनी सवय मात्र मी उचलली आहे. तिथली मुलं ‘त्स्वो-थी-बन’, म्हणजे चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवतात. तिच्यात बरोबर उत्तर उतरवायचं असतं. मी एक रकाना वाढवला: कशामुळे चुकलं? शब्द, वाक्य की वेळ?

तर कोणाला काय

दहा-बारा वर्षांच्या मुलाला फान-दूच द्या, जवळपास पूर्ण वेळ. चौदा-पंधराच्या, शाळा चालू असलेल्याला आठवड्याच्या चार तासांत तीन तास फान-दू आणि एक तास तुकड्यातुकड्याने जिंग-दू. दोन महिन्यांवर परीक्षा असेल तर पहिले दोन आठवडे वाक्यांवर घाला, मग प्रश्नसंच. रोज वीस मिनिटं सोपं वाचन तेव्हाही सोडू देऊ नका. नोकरी करणाऱ्याला त्याच्या कामाचेच ईमेल आणि अहवाल जिंग-दूसाठी वापरा, शब्द ओळखीचे असल्याने वाक्याकडे लक्ष देता येतं.

फूच्येनच्या त्या मुलाच्या वहीत पहिल्या महिन्यात शेवटच्या रकान्यात ‘वाक्य’, ‘वाक्य’, ‘वाक्य’ असंच होतं. चौथ्या महिन्यात ते विरळ होऊन ‘वेळ’ दिसायला लागलं. आम्ही वाक्यांची वीस मिनिटं दहावर आणली आणि त्याला तिसऱ्या पायरीचं पुस्तक दिलं.