वारीच्या वाटेवर दोन फोन : एक फ्लिपचा, एक स्मार्ट

आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरची वाट चालायला निघताना बरोबर कोणता फोन घ्यावा, यावर आमच्या घरी जेवढी चर्चा झाली तेवढी चपलांवरही झाली नाही. वन्संचे म्हणणे असे की, रोजच्या हातातला स्मार्टफोनच बरा. माझे म्हणणे असे की, अठरा-वीस दिवस पायी चालताना तो सांभाळणे हेच एक वेगळे काम होऊन बसते. शेवटी त्यांनी आपला स्मार्टफोन घेतला, मी नोकियाचा २६६० फ्लिप घेतला आणि दोन्ही फोन एकाच दिंडीत, एकाच राहुटीत, एकाच पावसात राहिल्यामुळे तुलना आपोआपच झाली.

माझा हा फोन २०२२ मध्ये भारतात आला, तेव्हा त्याची किंमत ४,६९९ रुपये होती. वजन १२३ ग्रॅम, आत २.८ इंचांचा पडदा, बाहेर वेळ व येणारा क्रमांक दाखवणारा १.७७ इंचांचा छोटा पडदा आणि चष्म्यावाचून दाबता येतील एवढी मोठी बटणे, असे त्याचे रूप आहे. व्हॉट्सअ‍ॅप नाही, वाय-फाय नाही, जीपीएस नाही. ३२ जीबीपर्यंतचे मेमरी कार्ड मात्र बसते, त्यामुळे हरिपाठ आणि काकड्याचे अभंग मी घरूनच भरून नेले होते. साधा फोन घेणाऱ्याने तो फोर-जीचा आहे ना, हे आधी पाहावे. जिओचे टू-जी जाळे नसल्याने जुना टू-जी फोन त्या सिमवर चालतच नाही, आणि स्वस्तात मिळाला म्हणून असा फोन घेऊन नंतर हळहळणारे लोक आमच्याच दिंडीत होते.

खरा फरक पडतो तो चार्जिंगमध्ये. दिंडीची भिशी, म्हणजे वारीपुरती वर्गणी, भरली की जेवणखाण, तंबू आणि सामानाचा ट्रक यांची सोय होते. विजेची सोय मात्र म्हणजे जनरेटरला जोडलेली एक पट्टी आणि तिच्याभोवती तीस-चाळीस फोन. मुक्कामाला पोहोचल्यावर पाय शेकावेत, दोन घास खाऊन आडवे व्हावे, तर वन्संना रोज त्या पट्टीपाशी राखणीला बसावे लागे, कारण लावलेला फोन तसाच सोडून यायला जीव धजावत नाही. त्यांच्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची, माझी १४५० एमएएचची. तरीही दिवसाचे दोन-तीन फोन आणि संध्याकाळी थोडा रेडिओ एवढ्यावर माझा फोन तीन दिवस सहज जाई. शिवाय बॅटरी काढता येते, म्हणून जादा बॅटरी जवळ ठेवण्याचा मार्ग खुला राहतो. एक गोष्ट आधी सुचली असती तर बरे झाले असते: या फोनला जुन्या पद्धतीची, मायक्रो-यूएसबीची वायर लागते, आणि राहुटीत ज्याच्याकडे मागावी त्याच्याकडे टाइप-सी. वायर आपली आपण न्यावी.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत मोठा, तीस किलोमीटरच्या वरचा, आणि त्यातच दिवे घाटाची चढण. आम्ही घाटात असताना पावसाने गाठले. वन्संच्या फोनचा पडदा ओल्या बोटांना दाद देईना. पदराला बोट पुसावे, तर पदरही भिजलेला. माझ्या फोनची बटणे ओल्या हातानेही दाबली जात होती आणि मिटलेला असल्यामुळे पडद्यावर पाणी येत नव्हते. अर्थात हा फोनही जलरोधक नाही, त्यामुळे तो प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवावा आणि पिशवी कमरेच्या बटव्यात.

साध्या फोनला रेंज जास्त मिळते, असे बरेच जण ठासून सांगतात. निदान आमचा अनुभव तसा नाही. लाखो माणसे एका माळावर जमली की दोन्ही फोनांची गत सारखीच होते: दांड्या भरलेल्या दिसतात, पण फोन लागत नाही. सदाशिवनगरच्या रिंगणानंतर गर्दीच्या लोटात आमची चुकामूक झाली, तेव्हा वन्सं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहीत राहिल्या आणि ते संदेश जागचे हलले नाहीत. मी केलेला साधा एसएमएस मात्र काही मिनिटांत त्यांना मिळाला. म्हणजे सोय एसएमएसची होती, फोनची नव्हती. स्मार्टफोनवरूनही एसएमएस जातोच, पण तो करायचा असतो हे आता कोणाच्या लक्षात राहते? चुकामूक होणारच असे धरून चालावे, आणि दिंडीचा क्रमांक व मुक्कामाचे ठिकाण संदेशात लिहून तो आधीच जतन करून ठेवावा. तातडीसाठी या फोनला वेगळे बटण आहे, त्यात पाच क्रमांक घालता येतात. मी मुलाचा, वन्संचा आणि दिंडीप्रमुखांचा घातला होता.

समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात, आणि त्या शांततेत हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते. तेवढ्यात एखादा फोन वाजला, की सगळ्या माना तिकडे वळतात. त्या वेळी दोन्ही फोन बंद ठेवावेत, हे सांगायला परीक्षणाची गरज नाही, तरी सांगते.

स्मार्टफोनची बाजू एका ठिकाणी पूर्ण जड ठरली. फलटणच्या मुक्कामी वन्संच्या मधुमेहाच्या गोळ्या संपल्या आणि डॉक्टरांचा कागद घरी राहिला होता. मुलाने त्याचा फोटो पाठवला, औषधाच्या दुकानात तो दाखवला आणि गोळ्या मिळाल्या. माझ्या फोनवर नुसते गोळीचे नाव ऐकून घेता आले असते, आणि ते मी चुकीचे लिहिले असते. फोटो काढण्याच्या बाबतीत तर तुलनाच नको: ०.३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून रिंगणातला धावता अश्व म्हणजे एक करडा डाग.

पैशांसाठी मी सुट्ट्या नोटा नेल्या होत्या आणि त्या पुरल्या. साध्या फोनवरून पैसे देण्यासाठी यूपीआय १२३पे ही सोय २०२२ पासून आहे, पण चहाच्या टपरीवर गर्दीत उभे राहून तेवढे सोपस्कार करवत नाहीत. सिमचा विचार मात्र निघण्याआधी करावा. बँकेला जोडलेले सिम काढून साध्या फोनमध्ये घातले, तर ओटीपी तिथे येतात, पण घरी ठेवलेल्या स्मार्टफोनमधले पैसे पाठवण्याचे अ‍ॅप अडून बसू शकते. मी वेगळे प्रीपेड सिम घेतले आणि तो क्रमांक मोजक्या दहा जणांना दिला. त्यामुळे वाटेत एकही जाहिरातीचा फोन आला नाही, हा फायदा मी विकत घेताना मोजलाच नव्हता.

एकट्याने जाणाऱ्याला, त्यातही रोजची औषधे असणाऱ्याला, मी स्मार्टफोनच सुचवेन. दोघांनी किंवा अधिकांनी जायचे असेल, तर चालणाऱ्याच्या बटव्यात बटणांचा फोन आणि एक स्मार्टफोन बंद करून ट्रकमधल्या पेटीत कुलपात ठेवावा. पुढच्या आषाढीला आम्ही तसेच करणार आहोत, आणि पेटीची किल्ली वन्संकडे राहील.