‘बुडालेल्या संस्कृतीच्या शोधात’ : राजापूरच्या सड्यांवरची एक दिवसाची सहल

रत्नागिरीहून सकाळी सातला निघून दिवेलागणीला परतणारी ही सहल सड्यांवरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरची, कातळशिल्पे (कातळात कोरलेली प्राचीन चित्रे) दाखवते; मात्र ती विकली जाते समुद्रात गडप झालेल्या एका प्रगत संस्कृतीच्या नावावर. काशेळी, देवाचे गोठणे, बारसू आणि देवीहसोळ ही चार स्थळे, वाटेत काशेळीचे कनकादित्य मंदिर, नाश्ता आणि जेवण मिळून माणशी १,८०० रुपये घेतले जातात. आयोजकांचे नाव मी येथे देत नाही, कारण माझा आक्षेप व्यवस्थेवर नसून वाटाड्याच्या निरूपणावर आहे. गाडी स्वच्छ होती, चालक घाटवळणांना सरावलेला होता, आणि एका घरगुती खानावळीतले कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी आणि सोलकढी यांत काढण्यासारखी खोड नव्हती.

पहिला थांबा काशेळीचा, आणि तो सर्वांत चांगला. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद अशी हत्तीची बाह्यरेषा जांभ्यात कोरलेली असून तिच्या पोटात मासे, पक्षी आणि चतुष्पाद प्राण्यांची गर्दी आहे. सकाळचे तिरपे ऊन असल्यामुळे खाचांत सावली धरली होती आणि रेषा सहज वाचता येत होत्या; वेळेची ही निवड आयोजकांनी जाणून केली असेल, तर तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु ‘एवढे मोठे चित्र आकाशातूनच दिसू शकते, म्हणजे ते आकाशातल्या कोणासाठी तरी काढले आहे’ हे वाटाड्याचे पहिलेच विधान त्याच चित्राभोवती फेरी मारताना फोल ठरते. हत्तीचा पाय, सोंड, पाठ असे एकेक अंग चालणाऱ्या माणसाच्या नजरेत क्रमाने येत जाते. शिवाय जांभा हा बेसाल्टच्या मानाने नरम दगड आहे. त्यात खाच पाडायला चिकाटी लागते, परग्रहावरचे यंत्र लागत नाही.

कनकादित्याच्या देवळात मात्र वाटाड्या खुलला. सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडून आलेले गलबत काशेळीजवळ अडले, नावाड्याने सूर्यमूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि पुढे कनका नावाच्या भाविणीला (देवळाच्या सेवेला वाहिलेल्या स्त्रीला) दृष्टान्त झाला, ही आख्यायिका त्याने रंगवून सांगितली. येथे शिलाहार राजा दुसरा भोज याचा इ.स. ११९१ चा ताम्रपट आहे, हेही सांगितले. दंतकथा दंतकथा म्हणून आणि ताम्रपट पुरावा म्हणून, असे दोन्ही वेगवेगळे ठेवण्याची ही शिस्त पुढच्या थांब्यापर्यंत टिकली असती तर हे परीक्षण निराळे झाले असते.

देवाचे गोठणे येथे कोरलेल्या मानवाकृतीजवळ होकायंत्र धरले की सुई भरकटते. हा अनुभव खरा आहे, आणि सहलीतल्या मुलांना तो सर्वाधिक आवडला. वाटाड्याने त्यावर ‘प्राचीन ऊर्जाकेंद्रा’चा सिद्धान्त उभारला. जांभ्यात लोहाची संयुगे भरपूर असतात, आणि उघड्या माळावर वीज पडली की खडकाचा एखादा तुकडा कायमचा चुंबकित होऊ शकतो, हे भूशास्त्रात जुने आहे. चित्र काढणाऱ्यांना ती जागा वेगळी आहे हे कळले होते का, हा प्रश्न मनोरंजक आहे. तो विचारण्याऐवजी उत्तरच हातात ठेवले गेले.

बारसूला दोन झेपावणाऱ्या वाघांच्या मध्ये उभा माणूस आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर दोन वाघांना आवरणारा माणूस दिसतो, आणि हे साम्य अभ्यासकांच्याही डोळ्यांत भरलेले आहे. इथवर ठीक. पण वाटाड्याच्या मते ही चित्रे १२,००० वर्षांपूर्वीची असून त्यांच्या कर्त्यांनीच सिंधू संस्कृती वसवली. ती मुद्रा साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे; मधल्या सात-साडेसात हजार वर्षांत त्या मंडळींनी काय केले, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. खाचांत सेंद्रिय पदार्थ उरत नसल्याने कार्बन पद्धतीने त्यांचे वय थेट काढता येत नाही. चित्रांतले गेंडे आणि पाणघोडे, शेतीच्या खुणांचा अभाव, परिसरात सापडणारी दगडी हत्यारे यांवरून अंदाज बांधले जातात आणि ते अंदाजच आहेत, एवढे वाक्य त्याने उच्चारले असते तरी पुरले असते.

समुद्राबद्दल तो जे बोलला त्यात तथ्याचा अंश होता. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. त्यामुळे तेव्हाचा किनारा बराच पश्चिमेला होता आणि तिथे माणसांचा वावर असणे अगदी शक्य आहे. पण वावर म्हणजे नगरे नव्हेत. खंबातच्या आखातातून २००१ मध्ये वर काढलेल्या लाकडाचे वय साडेनऊ हजार वर्षे निघाले, हा त्याचा हुकमी एक्का. ते लाकूड तळ खरवडून काढलेले होते आणि कोणत्या थरातून आले हे सांगता येत नव्हते, हे मात्र त्याने गाळले. अटलांटिस आणि लेमुरिया ओघाने आलेच. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवल्याची कथा असलेल्या भूमीत परक्या बुडित खंडांची उसनवारी कशासाठी, हे मला समजले नाही.

देवीहसोळ घाईत उरकले. आर्यादुर्गेच्या देवळाशेजारचा नक्षीदार चौकोन आजही गावाच्या श्रद्धेत जिवंत आहे, आणि तिथेच सर्वांत कमी वेळ मिळाला.

हजारो वर्षांपूर्वीच्या प्रलयावर तासभर बोलणाऱ्या या सहलीत आजच्या चिरेखाणींचा उल्लेख एकदाही झाला नाही. सड्यावरचा जांभा चिऱ्यांसाठी कापला जातो तेव्हा त्यावरचे चित्र कायमचे जाते. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गावोगाव फिरून ही चित्रे उजेडात आणली, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत कोकण-गोव्यातली नऊ स्थळे आली, त्यांत या सहलीतली चारही आहेत. हे तरी सांगायला हवे होते.

जायचे असल्यास पावसाळ्यानंतर, गवत वाळल्यावर जावे, टोपी आणि पाणी जवळ ठेवावे, आणि नोंदणी करतानाच प्रत्येक स्थळी गावातला माहीतगार सोबत द्या, असे आयोजकांना सांगावे. बारसूला असा एक गृहस्थ योगायोगाने भेटला. कोणती रेषा कुठून पाहावी हे त्याने दहा मिनिटांत दाखवले, आणि त्याचे मानधन सहलीच्या शुल्कात धरलेले नव्हते.